सड्यावरच्या अकरा पिशव्या

डिचोली
४ नोव्हेंबर २०२४

भिकूमामा,

पाया पडते. फोन न करता पत्र का, ते तुम्हाला माहीत आहे. फोनवर मी सगळ्यांना हो म्हणते आणि मग रात्रभर काय बोलले ते आठवत बसते. कागदावर निदान खोडता येतं. शिवाय तुमच्याकडे रेंज फक्त गोठ्यामागे मिळते आणि तिथे मामी कान देऊन उभी असते.

गोष्ट अशी आहे. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत अकरा पिशव्या आल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी होती: झरवाडा सडा, खड्डा एक, खड्डा दोन, असं अकरापर्यंत. आपला सडा, मामा, वरचा तो उघडा कातळाचा माळ. सोबतच्या कागदात कंपनीने लिहिलं आहे की या सड्याखाली ज्वालामुखीचा काळा दगड आहे. लाखो पावसाळे खाऊन तो माथ्यावर कुजला आणि तिथे बॉक्साइटचा लहानसा साठा तयार झाला असावा. बॉक्साइट म्हणजे अॅल्युमिनियमचा दगड. तुम्ही लोखंडाच्या खाणीत आयुष्य काढलंत, म्हणून लिहिलं. साठा लहान आहे, पण उघडा आहे, वर झाड नाही, घर नाही, त्यामुळे काढायला सोपा, असंही त्यात आहे.

ज्याने हे लिहिलं त्याने आपली झर पाहिलेली नसणार. सड्यात मुरलेलं पाणी मार्चपर्यंत खाली येतं, त्यावर तुमचं पोफळींचं कुळागर आणि खालच्या चौदा घरांचं वायंगणातलं उन्हाळी भात उभं राहतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. सडा खणला तर झर उरणार नाही, एवढं कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

पिशव्या माझ्याच टेबलावर आल्या. दगड कुटून मी रास केली, सपाट केली, चार वाटे केले, समोरासमोरचे दोन ठेवले, दोन टाकले, मग पुन्हा रास. सर विचारतात, हे कुठल्या कॉलेजात इतकं नीट शिकवतात. मी काय सांगणार? दम्यामुळे तिसरीपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं, मी तुमच्याकडेच असायचे. तुम्ही खाणीवरून शनिवारी यायचात आणि मामीच्या सुपात तांदूळ ओतून माझ्याकडून हेच करून घ्यायचात. मोठा दाणा दिसला म्हणून तो उचलायचा नाही, खराब दिसला म्हणून झटकायचा नाही. जे वाट्याला येईल ते.

निकाल असा आला: अॅल्युमिना एकवीस टक्के, लोखंड पुष्कळ. अकराही पिशव्यांत जवळजवळ सारखं. बॉक्साइटला चाळीसच्या वर लागतं, म्हणजे हा बॉक्साइट नाहीच. मला आनंद झाला. आनंद झाला म्हणून माझा माझ्या हातावरचा विश्वास उडाला आणि मी सगळं पुन्हा केलं. तेच आलं.

आता दोन प्रश्न. हे माझं आजोळ आहे असं मी योगेश सरांना सांगावं का? आणि तुम्ही खड्डे मारताना पाहिलेत का? कोणी मारले?

तुमची
गौरवी

---

झरवाडा, पेडणे
९ नोव्हेंबर

गौरवी,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मामी देवाकडे दिवा लावायला गेली, म्हणून मला जेवण अर्धा तास उशिरा मिळालं. तेवढं नुकसान मी सोसलं.

खड्डे कंपनीच्या पोरांनी मारले. मी लांबून बघत होतो. माझं काय काम तिथे. अॅल्युमिना एकवीस म्हणजे कामाचा दगड नाही, एवढं मलाही कळतं. आलं ते लिही आणि वही मीट. आजोळाचं साहेबाला सांगायची गरज नाही. दगडाला कोण मामा आणि कोण भाची.

इकडे दत्ताराम हवेत आहे. खाणी बंद पडल्यापासून त्याचा ट्रक माडाखाली उभा होता आणि वर कोंबड्या बसायच्या. आता कोंबड्या उतरवून त्याने ट्रक धुतला, पुढे हारही घातला. मला म्हणतो, भिकू, खाण येऊं दे, पयल्या खेपेक तुका पुढे बसवतंय. मी म्हटलं, आधी चाकांत हवा घाल. तो चिडला. चिडेल नाही तर काय, बिचाऱ्याची सहा वर्षं त्या माडाखाली गेली आहेत.

तुला लहानपणापासून संशयाची सवय. एकदा तू सुपातले तांदूळ चार वेळा वाटलेस आणि मामीला भात टाकता येईना. दोनदा केलंस ना, पुरे. रिपोर्ट गेला का, एवढं कळव.

भिकाजी

---

डिचोली
१७ नोव्हेंबर

भिकूमामा,

रिपोर्ट गेलेला नाही. रागावू नका.

सरांना मी आजोळाचं सांगितलं. दोन दिवस त्याचाच धसका घेऊन होते. ते हसले, म्हणाले, ज्या गावात कुणाचा मामा नाही असा गोव्यात एक गाव दाखव. म्हणजे तो प्रश्न मिटला.

पण दुसराच उभा राहिला. कंपनीने यादीत टायटॅनियमही मागितलं होतं. मी ते शेवटी केलं, कारण त्यात काही वेगळं निघेल असं वाटलं नव्हतं. आणि टायटॅनियम जवळजवळ निघालंच नाही, एक टक्कासुद्धा नाही. मामा, तिथेच घोटाळा आहे. ज्वालामुखीच्या काळ्या दगडात टायटॅनियम असतंच. तो दगड कुजून त्याची लाल माती होवो, जांभा चिरा होवो, बॉक्साइट होवो, पाणी बाकीचं धुऊन नेतं आणि टायटॅनियम मागे राहतं. तीन-चार टक्के तरी हवंच. मग मी भिंगाखाली पाहिलं. पांढरे, काचेसारखे गारगोटीचे कण. काळ्या दगडात गारगोटी पोकळ्यांत सापडते, अशी कणाकणांत विखुरलेली नसते. हे कण नदीकाठच्या, इकडच्या लोखंडाच्या पट्ट्यातल्या दगडातले आहेत.

म्हणजे या अकरा पिशव्यांतला दगड आपल्या सड्यावरचा नाही.

आधी मला वाटलं, माझ्याकडूनच पिशव्या बदलल्या. तीन दिवस मी कपाटं उपसली. नाही. मग वाटलं कंपनीने बदलल्या. पण कंपनी दगड चांगला दाखवायला बदलेल, वाईट दाखवायला कशाला? सर म्हणतात, इतका विचार करू नको, रिपोर्टवर "नमुना मिळाला तसा तपासला" असं छापलेलंच असतं, खाली सही कर. नियमाने ते बरोबर आहे. पण मी पेन उचलते आणि ठेवते.

येत्या रविवारी आमोण्याला सेजलकडे जेवायला जाणार आहे. तुमच्या मुलीच्या हातचं खाल्लं की डोकं ताळ्यावर येईल. तोवर तुम्ही जरा दत्तारामकाकांना विचारून पाहा, पिशव्या कुणी भरल्या, कुणी बांधल्या.

तुमची
गौरवी

---

झरवाडा
२० नोव्हेंबर

गौरवी,

या रविवारी आमोण्याला जाऊ नको. सेजलच्या सासूला बरं नाही, घरात गडबड आहे. पुढे कधीतरी जा.

साहेब सांगतो ते बरोबर आहे. मिळाला तसा तपासला. तुझं काम तेवढंच. सही कर.

दत्तारामाला मी काही विचारलेलं नाही आणि विचारणार नाही.

भिकाजी

---

डिचोली
२५ नोव्हेंबर

मामा,

तुमचं पत्र आज आलं. मी काल आमोण्याला जाऊन आले. सेजलच्या सासूबाई ठणठणीत आहेत. त्यांनी मला तीन उंडे पाव खायला लावले आणि माझ्या लग्नाचं विचारलं.

जेवण झाल्यावर सेजल मला मागे घेऊन गेली, नवीन पेरूचं झाड दाखवायला. तिथल्या दरडीला ताजा घाव होता. मी सहज विचारलं. ती म्हणाली, बाबा दिवाळीच्या आधी टेम्पो घेऊन आले होते, इथून तीन गोणी दगड नेला, तुळशीच्या कट्ट्याला पाहिजे म्हणाले. वर म्हणते, पेडण्यात दगड संपले काय गो?

मी मूठभर दगड रुमालात बांधून आणला. आज सकाळी सगळे यायच्या आधी तपासला. तेच लोखंड, तीच गारगोटी, टायटॅनियम तितकंच कमी.

पिशव्या तुम्ही भरल्या.

तुम्ही लांबून बघत नव्हतात. मला लिहिलेलं प्रत्येक पत्र तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहिलंत. मला खराब दाणा झटकू न देणारा माणूस अख्खा डोंगर झटकून दुसरा ठेवतो? आणि तपासायला माझ्या टेबलावर पाठवतो?

ते माझ्याकडे येणार हे तुम्हाला माहीत होतं का, एवढं एक खरं सांगा. बाकी नाही सांगितलंत तरी चालेल.

गौरवी

---

झरवाडा
२ डिसेंबर

गौरवी,

माहीत नव्हतं. नमुने बेळगावला जातील असं मला सांगितलं होतं. हे पहिलं आणि खरं.

आता बाकीचंही ऐक. ऑगस्टमध्ये कंपनीचा माणूस मला शोधत आला. बावीस वर्षं खाणीवर नमुने काढलेला माणूस पेडण्यात दुसरा नाही. रोजावर मला ठेवलं. अकरा खड्डे मी मारून घेतले, प्रत्येकात मी उतरलो. सात खड्ड्यांत साधा चिरा. अकराव्यात माती. आठव्या, नवव्या आणि दहाव्यात ते आहे. फिकट, गुलाबीसर, आत वाटाण्याएवढे गोल दाणे. लोखंडाचा दगड हात खाली ओढतो, हा ओढत नव्हता. हातात घेतला आणि मला कळलं.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. मामीला वाटलं ऊन बाधलं. दुसऱ्या दिवशी सेजलकडे गेलो.

तुला राग आला तो बरोबर आहे. पण माझंही एक ऐक. ज्या डोंगरावर मी बावीस वर्षं काढली तो आज तिथे नाही. त्या जागी खळगा आहे, त्यात हिरवं पाणी आहे. खालची शेतं लाल झाली, विहिरी आटल्या, टँकरमागे बायका भांडायच्या. त्या डोंगराचा एकेक नमुना मी काढला होता आणि एकेक नमुना खरा होता. रास, चार वाटे, समोरासमोरचे दोन. एक दाणा इकडचा तिकडे केला नाही. माझ्या खरेपणावरच तो डोंगर गेला. साहेब माझी पाठ थोपटायचे. आता एकदा मी खोटं केलं तर एक सडा राहतो. यात कुणाचं काय जातं ते मला समजाव.

टायटॅनियम आम्हाला खाणीवर कधी कुणी विचारलं नव्हतं. लोखंड, सिलिका, अॅल्युमिना, संपलं. नाही तर तुझ्या हाती सापडलो नसतो. ही माझी अडाणीपणाची चूक, बाकी काही चूक मी मानत नाही.

सही कर, गौरवी. मी कधी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

भिकूमामा

---

डिचोली
८ डिसेंबर

मामा,

चार वेळा उत्तर लिहून फाडलं. हे पाचवं आहे, जसं येईल तसं पाठवते.

मी सही केली नाही. रिपोर्टवर लिहिलं की हे नमुने ज्वालामुखीच्या दगडावरचे नाहीत, सबब झरवाडा सड्याचे मानता येत नाहीत, नमुने पुन्हा घ्यावेत. तुमचं नाव लिहिलं नाही, कारण दगड कुठला हे मला प्रयोगशाळेने सांगितलं, कुणी भरला हे सेजलने. पण मला कुणी थेट विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवते, मागाहून कळायला नको.

सर खुर्चीतून उठले. एवढं लिहायची तुला कुणी सक्ती केली, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी घाबरले होते. तरी कागद परत घेतला नाही. महिनाअखेरीला माझं काय करायचं ते ठरवतील.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कुणाचं काय जातं? तुमचंच जातं. आज तुम्ही म्हणता, आमच्या सड्यात काही नाही, म्हणून खणू नका. याचा अर्थ असा होतो की काही असतं तर खणायला आमची ना नव्हती. पुढच्या वर्षी ते मशीन आणतील, भोक पाडतील, आठव्या खड्ड्याच्या जागी गुलाबी दगड वर येईल. मग तुम्ही काय म्हणणार? तुमच्याकडे म्हणायला काही उरणारच नाही. तुम्ही स्वतःच ते त्यांच्या हाती देऊन ठेवलं असेल.

त्या दुसऱ्या डोंगराचंही मी खूप घोळवलं. तो तुमच्या खऱ्या नमुन्यांनी गेला नाही, मामा. नमुने खरे होते आणि त्यानंतर नको म्हणायला कुणी उभं राहिलं नाही, म्हणून गेला. तुम्हीही राहिला नाहीत. हे लिहिताना मला भीती वाटते आहे, कारण तुमच्याशी मी असं कधी बोलले नाही. पण हे खोडणार नाही.

दगड आहे, असं म्हणा. आणि आहे तरी देणार नाही, असं म्हणा. हे तुम्हाला म्हणता येत नसेल तर सडा वाचवायचा तुमचा अधिकार तरी काय?

उत्तराची वाट पाहते.

गौरवी

---

साखळी
१९ जानेवारी २०२५

मामा,

सहा आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. मामीला फोन केला तर ती कोंबड्यांचं सांगते, कुळागराचं सांगते, तुमचं नाव काढत नाही. मग मी हो हो म्हणते आणि ठेवते.

वरचा पत्ता बदलला आहे. वर्षअखेरीला सरांनी मला मोकळं केलं. वाईट बोलले नाहीत. तुझं काम स्वच्छ आहे, म्हणाले, पण असं काम केलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, माझी बाकी सहा माणसं आहेत. मला त्यांची बाजू दिसते, हीच माझी अडचण आहे, मला सगळ्यांची बाजू दिसते. इथे एका शाळेच्या प्रयोगशाळेत बदलीवर आहे, मेपर्यंत. मुलं लिटमसचा कागद चाटून बघतात.

डिसेंबरात दुसऱ्या लोकांनी सड्यावरून नवीन नमुने नेले, हे कळलं. निकालही कानावर आला. तीन खड्ड्यांत अॅल्युमिना पंचेचाळीसच्या वर. तुमचा हात बरोबर होता, तुम्ही तोलून ओळखलं होतं. साठा लहान आहे. जाणत्या माणसाला विचारून हिशेब केला, चार वर्षं खणतील, पाचव्या वर्षी निघून जातील. चार वर्षांसाठी झर.

नऊ फेब्रुवारीला ग्रामसभा आहे ना? मी येऊ का? मतदार नाही म्हणून बोलू देणार नाहीत कदाचित, पण मागे उभी राहीन.

गौरवी

---

झरवाडा
२७ जानेवारी

गौरवी,

येऊ नको. रागाने लिहीत नाही. तू आलीस तर लोक तुझ्याकडे बघतील, भाचीने मामाला पकडलं याची गंमत करतील, आणि मूळ गोष्ट राहून जाईल. मला एकट्याला उभं राहायचं आहे.

तुझं डिसेंबरचं पत्र मी वाचून जनेलाच्या गजांपाशी ठेवलं आणि बरेच दिवस त्या बाजूला बसलो नाही. तुम्हीही उभे राहिला नाहीत, हे वाक्य. माझ्या वयाच्या माणसाला कुणी असं लिहीत नाही. तू नोकरीवरून गेलीस हे मामीला फोनवर कळलं तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, पोरीन नोकरी घालवली आनी तुमी हंय बसून पेपर वाचतास. मग दोन दिवस माझ्यापुढे ताट आदळत राहिली. बावीस वर्षांत मला साहेबाची इतकी भीती वाटली नव्हती.

काय बोलायचं ते मी ठरवलंय. तुला सांगत नाही, तू दुरुस्त करशील.

भिकूमामा

---

झरवाडा
२३ फेब्रुवारी

गौरवी,

आता सगळं झाल्यावर लिहितो. मध्ये लिहिलं असतं तर अर्धवट झालं असतं.

ग्रामसभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. इतकी माणसं की पोरं जनेलांत बसली होती. कंपनीचा अधिकारी आला होता, चांगला माणूस, मराठी गोड बोलत होता. त्याने पडद्यावर आपला सडा दाखवला. वरून काढलेल्या फोटोत तो इतका बोडका दिसला की मलाही वाटलं, याला कशाला जपायचं. मग म्हणाला, सुरुवातीचे नमुने काही कारणाने सदोष निघाले, पण आता खात्री झाली आहे, साठा आहे, गावाने साथ द्यावी.

दत्ताराम लगेच उठला. त्याने मला सगळ्यांसमोर धरलं. म्हणाला, हा भिकाजी दिवाळीपासून सांगत फिरतोय सड्यात काही नाही, काही नाही. बावीस वर्षं खाणीवर काय दगड मोजले की चहा प्याला? लोक हसले. मीही हसलो असतो, टोमणा बरा होता.

मी उभा राहिलो. मी म्हटलं, काही कारणाने सदोष, असं साहेबांनी सांगितलं. ते कारण मी. पिशव्या मी बदलल्या. आत आमोण्याचा दगड भरला, माझ्या मुलीच्या घरामागचा.

मग जो गोंधळ झाला तो लिहिता येणार नाही. कुणी म्हणालं, शाबास. कुणी म्हणालं, म्हातारा गावाचं नाव घालवणार. दत्ताराम खाली बसला. त्याला माझ्यावर रागावायचं होतं, पण एवढं मोठं कारण मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. अधिकारी हातातला कागद ठेवून शांतपणे म्हणाला, म्हणजे आजोबा, दगड आहे हे तुम्हीही मान्य करता.

मी म्हटलं, "आसा. आठव्या, नवव्या, धाव्या खड्ड्यात आसा, माज्या हातान काडलेलो. चांगलो आसा. पण देवचो नाय."

तो म्हणाला, असल्यावर न देण्याचं कारण काय.

तुझ्या पत्रातलं काही मला आठवलं नाही. मी म्हटलं, कारण झर आहे, ते तुम्हाला माहीत आहे. पण झर नसती, सडा नुसता बोडका असता, तरी विचारायचं आम्हाला असतं आणि उत्तर आम्ही द्यायचं असतं. एका डोंगराच्या वेळी मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. आज विचारताय, तर नाही.

मग हात वर करायला सांगितलं. खालच्या चौदा घरांतल्या बायका आधी उठल्या, मामी त्यांत पुढे. हरकतीच्या बाजूने गाव बराच मोठा निघाला. सगळा नाही. दत्तारामाने खाणीच्या बाजूने हात वर केला आणि माझ्याकडे बघून आणखी वर केला. त्याला मी वाईट म्हणत नाही, त्याचा ट्रक गंजतोय हे खोटं नाही. बाहेर आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही, पण त्याच्या घरून संध्याकाळी शेवग्याच्या शेंगा आल्या. त्याच्या बायकोने पाठवल्या असतील.

हरकतीचा ठराव झाला, पुढे गेला. अधिकारी जाताना म्हणाला, हा शेवट नाही. त्याचंही खरं आहे. ते परत येतील. परत नाही म्हणावं लागेल, आणि तेव्हा कदाचित मी नसेन, म्हणून यावेळी मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

आता तुझ्यासाठीची गोष्ट. कंपनीने माझ्यावर तक्रार केली आहे, नमुने बदलून फसवणूक केली म्हणून. परवा पेडण्याला पोलिसांत जबाब द्यायला गेलो होतो. लिहून घेणारा मुलगा भला होता, त्याचं आजोळ आपल्याच बाजूचं निघालं. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. शेवटी वाचून दाखवलं. त्याने लिहिलं होतं, वयोमानाने माझ्याकडून पिशव्यांची चुकून अदलाबदल झाली. मी म्हटलं, असं मी सांगितलं नाही. तो हळूच म्हणाला, आजोबा, असंच राहू दे, केस हलकी जाते.

मी म्हटलं, खोड. चुकून नाही, जाणून. आणि का, तेही लिही, वाक्य मी सांगतो.

त्याने खोडलं. मी सही केली, खोडलेल्याच्या बाजूला आणि शेवटी, दोन्हीकडे.

वकील म्हणतो, तुलाही साक्षीला बोलावतील, कारण दगड परका आहे हे पहिल्यांदा तूच लिहिलंस. बोलावतील तेव्हा ये. जे जे विचारतील ते सांग, आमोण्याची दरड, सेजल, रुमालातला दगड, माझी पत्रंसुद्धा. मला वाचवायला एक शब्द कमी करू नको आणि रागाने एक जास्त घालू नको. तुझा आवाज बारीक आहे, कोर्टात पंखे मोठ्याने फिरतात, जरा जोरात बोल.

माझ्याकडे बघून अडखळू नको. मी समोरच बसलेला असेन.

भिकूमामा